गेम खेळताना पीसी धाडकन बंद पडतो, दुकानात मात्र गुणी बाळ! (मदत हवीय)

धोटा
राम राम मंडळी. दोन महिने झाले या मशीननं डोकं खाल्लंय म्हणून शेवटी इथं आलो. गेम खेळताना पीसी बंद पडतो. कधी पंधरा मिनिटांत, कधी दोन तास काहीच नाही. कधी आपोआप रिस्टार्ट होतो, कधी बंदच राहतो. पिक्चर बघा, कॉलेजचं प्रोजेक्ट करा, ब्राउझरमध्ये पन्नास टॅब उघडा, काही होत नाही. फक्त गेमलाच, आणि तेव्हा लाईट गेलेली नसते.

असेंबल्ड आहे. रायझेन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० बोर्ड, १६ जीबी रॅम, आरटीएक्स ३०६० १२ जीबी ग्राफिक्स कार्ड, ५५० वॅटचा ब्रॉन्झ एसएमपीएस (मशीनला वीज देणारा डबा), विंडोज ११. कार्ड सेकंडहँड, बाकी सगळं नवीन, दीड वर्ष झालं. विंडोज दोनदा मारून (नव्यानं टाकून) झाली.

गंमत म्हणजे दुकानात नेला तर तिथं चार तास गेम लावून ठेवला, एकदाही बंद पडला नाही. घरी आणला, रात्री पहिल्याच मॅचला अंधार. दुकानदार म्हणतोय कार्ड बदल. घरात नवीन कार्डाचं नाव काढलं तर वडील आधी मला बदलतील. काय करू?

अर्धाकप
सेकंडहँड ३०६० म्हणजे माइनिंगचं (क्रिप्टो नाणी कमवायला राबवलेलं) कार्ड. संपला विषय. आणि एसएमपीएस ७५० वॅटचा घे.

सदासर्वदा
विंडोज दोनदा मारलीस, तिसऱ्यांदा मार. तिसऱ्यांदा देव पावतो.

बीएसओडी_बाबा
@धोटा "बंद पडतो" हे लोक तीन वेगळ्या गोष्टींना म्हणतात आणि तिन्हींचं औषध वेगळं आहे, त्यामुळे आधी ते नीट सांग.

पहिला प्रकार, गेम बंद होऊन डेस्कटॉपवर येतो पण मशीन चालू असतं. हे बहुतेक वेळा ड्रायव्हरचं नाहीतर गेमचंच. कार्डानं दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही की विंडोज ड्रायव्हरला बखोटीला धरून परत उभं करतं, त्या झटापटीत गेम मरतो. यात सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयूनं (ड्रायव्हर पुसायचं सॉफ्टवेअर) जुना ड्रायव्हर मुळापासून काढायचा आणि नवा टाकायचा.

दुसरा, निळा स्क्रीन. लोक त्याला घाबरतात पण तो सगळ्यात सज्जन, जाता जाता कोड सांगून जातो आणि विंडोज फोल्डरात मिनीडंप (काय बिघडलं त्याची नोंद) ठेवून जातो. तिथं रॅम, ड्रायव्हर, ओव्हरक्लॉक यांच्यावर संशय.

तिसरा म्हणजे थेट अंधार. पंखे थांबले, लायटिंग गेलं, विंडोजला "मेलो" म्हणायलाही वेळ नाही. तिथं वीज नाहीतर उष्णता.

तुझं यातलं कुठलं? इव्हेंट व्ह्यूअर उघड, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टिम, आणि बंद पडला त्या वेळच्या लाल खुणा वाचून इथं लिही.

धोटा
तिसरा! पंखे पण थांबतात. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' दिसतंय, मोजलं तर तेवीस वेळा. आत बगचेककोड ० लिहिलंय. दुसरं काही लाल नाही.

अर्धाकप
पॉवर लिहिलंय की स्पष्ट. ७५० वॅट घे म्हटलं ना.

बीएसओडी_बाबा
अरे नाही रे. ४१ चा अर्थ एवढाच की मागच्या खेपेला विंडोज रीतसर बंद झाली नव्हती. तो पंचनामा आहे, पोस्टमॉर्टेम नाही. त्यात 'पॉवर' शब्द वाचून कितीतरी लोकांनी चांगले एसएमपीएस बदललेत. कोड ० आहे म्हणजे निळा स्क्रीन यायच्या आतच सगळं संपलं, एवढं मात्र कळतं. आता तापमान बघू.

चाफेकळी
तापमानासाठी नुसतं बघत बसू नकोस, एचडब्ल्यूइन्फोमध्ये (तापमान वगैरे दाखवणारं सॉफ्टवेअर) लॉगिंग चालू कर, दर दोन सेकंदाला फाइलमध्ये नोंद होते, मशीन बंद पडलं तरी शेवटची ओळ फाइलमध्ये राहते. माझ्या भाच्याचा पीसी असाच व्हायचा. टेबलाच्या खालच्या कप्प्यात कॅबिनेट कोंबलेलं, मागे भिंत, बाजूला गादी. कॅबिनेट नुसतं बाहेर काढलं तर चौदा डिग्री उतरलं! तुझ्या प्रोसेसरची मर्यादा ९० आणि कार्डाची ९३ डिग्री आहे, त्याच्या जवळपास जातंय का बघ. आणि कूलरच्या खालचं पारदर्शक प्लास्टिक काढलं होतं ना? हसू नका, मी स्वतः पाहिलंय.

बांगडा_फ्राय
तापमान वगैरे ठीक आहे पण आधी एसएमपीएसच्या जाळीतून टॉर्च मारून आत बघ. आम्ही रत्नागिरीकडचे. माझा पीसी दर पावसाळ्यात हट्टानं बंद पडायचा. उघडला तर आत पाल. अख्खी. वाळून पापड झालेली, एक पाय कॅपॅसिटरवर. तिच्या जागी पुढच्या वर्षी दुसरी. शेवटी कॅबिनेटच्या मागच्या सगळ्या भोकांना मच्छरदाणीची जाळी चिकटवली.

सदासर्वदा
पाल कॅबिनेटच्या कुठल्या बाजूला पडली होती? त्यावर फळ सांगता येईल.

बांगडा_फ्राय
उजव्या. धनलाभ म्हणतात, दुरुस्तीवाल्याला झाला.

न्यूजर्सीचा_पाव्हणा
आमच्याकडे इथं १२० व्होल्ट. बेडरूमचा ब्रेकर १५ अँपिअरचा, म्हणजे सगळी मिळून १८०० वॅट. थंडीत बायकोनं १५०० चा हीटर लावला आणि मी गेम लावला की ब्रेकर खाली. पहिला महिना मी ड्रायव्हर बदलत बसलो होतो, खोलीतला दिवा पण जातोय हे लक्षातच आलं नाही. 😄

धोटा
@चाफेकळी लॉग घेतला. बंद पडायच्या आधीची शेवटची ओळ: कार्ड ७१, प्रोसेसर ६८. प्लास्टिक काढलेलं आहे (आत्ता परत उघडून बघितलं, तुमच्यामुळे शंका आली). पाल नाही, एक कोळी होता, त्याला सोडलं.

मेमटेस्ट (रॅमची तपासणी) पण रात्रभर लावून झोपलो, चार पास, एक पण एरर नाही. आता कार्डच म्हणायचं का? माइनिंगची भीती वाटतीय.

टिनपाट
माइनिंगच्या कार्डांना उगाच बदनाम करून ठेवलंय. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये इथेरियमनं माइनिंगची पद्धतच बंद केली आणि ढिगानं कार्डं बाजारात आली, त्यातली कित्येक अजून चालतायत. माइनिंगवाला कार्ड कमी व्होल्टेजवर चालवतो कारण त्याला लाइटबिल भरायचं असतं. झिजतात पंखे आणि थर्मल पॅड. दोन्ही बदलता येतात.

अर्धाकप
@टिनपाट तू विकलीस वाटतं ढिगानं.

टिनपाट
दोन विकली. दोन्ही गिऱ्हाइकं अजून दिवाळीला मेसेज करतात.

बीएसओडी_बाबा
कार्डाचा न्याय दुकानातच झालाय रे. चार तास तिथं चाललं ना? खराब कार्ड दुकान बघून शहाणं होत नाही.

एक करून बघ. आफ्टरबर्नरमध्ये (कार्डाची सेटिंग बदलायचं सॉफ्टवेअर) कार्डाची पॉवर लिमिट, म्हणजे वीज ओढायची मर्यादा, ७० टक्क्यांवर आण आणि गेममध्ये फ्रेम रेट ६० ला बांध. मेन्यूत फ्रेम रेट मोकाट सुटतो, तिथंही बांध. त्यावर चार दिवस खेळ. बंद पडणं थांबलं तर प्रश्न विजेचा, हे पक्कं.

धोटा
चार दिवस खेळलो. एकदाच बंद पडला, आधी रोज दोन-तीनदा व्हायचा. म्हणजे एसएमपीएस?

अर्धाकप
७५०.

फेज_न्यूट्रल
नमस्कार. मी कॉम्प्युटरवाला नाही, तीस वर्षं वायरिंगची कामं केली. सगळा धागा वाचला. कॅबिनेटच्या आतलं सगळं उघडून झालं पण कॅबिनेटमधून निघालेली वायर जाते कुठे हे कोणी विचारलंच नाही. दुकानात चालतो, घरी बंद पडतो. मग दुकानात काय नव्हतं आणि घरी काय आहे? भिंतीपासून कॅबिनेटपर्यंत मधे काय काय आहे ते क्रमानं लिहा.

धोटा
काका, भिंतीत ६ अँपिअरचा सॉकेट, त्यात यूपीएस, यूपीएसमधून स्पाइक बस्टर, त्याच्यावर पीसी, मॉनिटर, स्पीकर आणि राउटर. यूपीएस ६०० व्हीएचा आहे, जुन्या पीसीचा, २०१९ चा.

फेज_न्यूट्रल
बॅटरी कधी बदलली?

धोटा
बदलायची असते?

फेज_न्यूट्रल
😀 असते. तीन वर्षं चालली तर नशीब म्हणायचं.

आता हिशोब करू. यूपीएसच्या मागे स्टिकर बघा, ६०० व्हीए मोठ्या अक्षरात असेल आणि खाली बारीक अक्षरात ३६० वॅट. कामाचा आकडा तो बारीक अक्षरातला. तुमच्या मशीनचे आकडे मी मुलाकडून घेतले: प्रोसेसर जास्तीत जास्त ७६ वॅट, कार्ड १७०, बोर्ड-पंखे-डिस्क धरून ५०. झाले २९६. एसएमपीएस स्वतः थोडं खातो, म्हणून भिंतीकडून घेताना होतात ३५० च्या आसपास. त्यात मॉनिटरचे २५, स्पीकर, राउटर. ३६० च्या पार. आणि ही नव्या बॅटरीची गोष्ट. २०१९ ची बॅटरी म्हणजे म्हातारीच्या डोक्यावर गव्हाचं पोतं.

नेट बघताना हेच मशीन ऐंशी-नव्वद वॅट घेतं, तेवढं म्हातारी पेलते. म्हणून फक्त गेमला बंद पडतं.

बीएसओडी_बाबा
काका, एक शंका. लाईट चालू असताना यूपीएस भिंतीतली वीज तशीच पुढे सोडतो, बॅटरी मधे येतच नाही. आणि हा म्हणतोय लाईट गेलेली नसते. मग?

फेज_न्यूट्रल
बरोबर विचारलंत. लाईट जावी लागत नाही, व्होल्टेज खाली बसलं तरी पुरतं. २३० च्या जागी अर्धा सेकंद १५०-१६० झालं की यूपीएसला वाटतं गेली, रिले (आतला स्विच) पडतो आणि भार बॅटरीवर जातो. बॅटरी धड असेल तर तुम्हाला कळणारही नाही. नसेल तर तिथल्या तिथे व्होल्टेज कोसळतं आणि मशीन बंद. पुढच्या क्षणी लाईन परत ठीक, म्हणून कधी आपोआप रिस्टार्ट. दिवा जरा मिचकतो, गेमच्या नादात तो कोण बघतंय.

@धोटा तुमच्या जवळ मोठ्या मोटरी आहेत का? पिठाची गिरणी, लिफ्ट, वेल्डिंग?

धोटा
काका... मी इचलकरंजीचा. घराला लागून मागांचा कारखाना आहे, २४ माग. आमचा आणि त्यांचा डीपी (ट्रान्सफॉर्मर) एकच. माझा आयडीच धोटा आहे हो, मागावर सूत घेऊन धावतो तो. 🤦

आणि एक आठवलं. दिवाळीत कारखाने बंद होते ते चार दिवस मी भाऊबीज सोडून अखंड गेम खेळलोय आणि पीसी एकदाही बंद पडला नाही! तेव्हा वाटलं अपडेटनं बरा झाला.

सदासर्वदा
भाऊबीज सोडून म्हणजे संस्कारी आहे मुलगा.

फेज_न्यूट्रल
सापडलं म्हणायचं. मोटर सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते. पाळी बदलली किंवा लाईट जाऊन आली की सगळे माग एकदम सुरू होतात, तेव्हा तुमच्या घरचं व्होल्टेज गुडघ्यावर येतं.

खात्री करून घ्या, पैसे लागत नाहीत. मशीनवर फक्त डेस्कटॉप ठेवून यूपीएसची पिन भिंतीतून ओढा, घड्याळ लावा. मग लाईट लावून गेम सुरू करा आणि परत पिन ओढा. काही सेव्ह करायचं असेल ते आधी करा.

धोटा
केलं!! डेस्कटॉपवर ४ मिनिटं १० सेकंद चालला. मग गेम लावला, पिन ओढली, हात पिनवरून निघायच्या आत अंधार. यूपीएसनं कुईं असा एकच आवाज काढला.

आणि आता ऐका. तो आवाज ऐकून आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "रोज असाच ओरडतो तो डबा, आणि मग तू ओरडतोस." दोन महिने!! मी हेडफोन लावून बसलेला असतो, मला कसं ऐकू येणार. आईला विचारलं सांगितलं का नाहीस, तर म्हणे मला वाटलं गेममधलाच आवाज आहे.

चाफेकळी
🤣🤣 इव्हेंट व्ह्यूअरच्या आधी आईला विचारायचं असतं.

टिनपाट
कार्डाची माफी मागा सगळ्यांनी. @अर्धाकप पहिला तू.

बीएसओडी_बाबा
मानलं काका. मी लॉग वाचत बसलो आणि तुम्ही भिंत वाचलीत.

@धोटा आता एसएमपीएसवरचं स्टिकर बघ, इनपुट १०० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल तर तो १८० वर सुद्धा निवांत चालतो. क्षणभर वीज गेली तरी आतले कॅपॅसिटर सतरा मिलिसेकंदांच्या आसपास तग धरतात. म्हणजे तुझ्या केसमध्ये संरक्षणासाठी लावलेला यूपीएसच सगळ्यात आधी मान टाकत होता.

धोटा
१००-२४० च आहे. काल यूपीएस काढून सरळ भिंतीत लावून खेळलो. साडेसातला दिवा दोनदा मिचकला, मी डोळे मिटून घेतले, पीसी चालू!! पण कॅबिनेटला हात लागला की जरा झिणझिण्या येतायत, यूपीएसवर पण यायच्या. ते चालतंय ना?

फेज_न्यूट्रल
नाही चालत!! पहिलं मशीन बंद करा, पिन काढा, मग पुढचं वाचा. झिणझिण्या येतात म्हणजे अर्थिंग लागत नाहीये. तीन पिनांचा सॉकेट असला म्हणजे तिसऱ्या पिनेला वायर असतेच असं नाही. वायरमन बोलवा, मल्टिमीटरनं न्यूट्रल आणि अर्थच्या मधलं व्होल्टेज मोजायला सांगा. दोन-तीनच्या आत हवं. अर्थिंग होईपर्यंत त्या कॅबिनेटला ओला हात, अनवाणी पाय असं काही नको. घरात बाकीच्यांनाही सांगा.

बांगडा_फ्राय
काका बरोबर सांगतायत. आमच्याकडे फ्रिजला यायच्या झिणझिण्या, आजी म्हणायची थंडीमुळे.

धोटा
(पाच दिवसांनी) वायरमन येऊन गेला. न्यूट्रल-अर्थ ४७ व्होल्ट! मागच्या अंगणात अर्थिंगचा खड्डा होता, त्यावर आईनं कढीपत्ता लावलेला. उकरलं तर तार गंजून तुटलेली. नवीन पट्टी टाकली, मीठ-कोळसा घातला, आता दीड व्होल्ट. झिणझिण्या बंद. कढीपत्ता शेजारी हलवला, जगेल म्हणतोय वायरमन.

आता यूपीएसचं काय करू? नुसती बॅटरी बदलू का नवीन घेऊ?

फेज_न्यूट्रल
त्यात १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी बसते, कुठेही मिळते, पण बॅटरी नवी टाकली तरी स्टिकर ३६० चंच राहणार. या मशीनला हजार-अकराशे व्हीएचा बघा, म्हणजे ६०० वॅटच्या पुढे. आणि स्पीकर त्यावरून काढा, स्पीकरला कशाला बॅकअप.

टिनपाट
स्वस्त यूपीएस बॅटरीवरून जी वीज देतो तिची वेव्ह चौकोनी असते आणि नव्या एसएमपीएसना ती कधी कधी पटत नाही. घेताना दुकानात तुझाच पीसी लावून, गेम चालू ठेवून, पिन ओढून बघ. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू दे.

एकटा_जीव
माझा लॅपटॉप पण गेम खेळताना बंद पडतो, कोणीतरी सांगा प्लीज अर्जंट

चाफेकळी
@एकटा_जीव नवीन धागा काढा, आणि आधी आईला विचारा.

धोटा
शेवटचं अपडेट. ११०० व्हीएचा घेतला, टिनपाटभाऊ म्हणाले तसं पिन ओढूनच घेतला. आज नववा दिवस, पॉवर लिमिट परत १०० टक्के, कर्नल-पॉवर ४१ चा आकडा होता तिथंच थांबलाय. कारखान्याचा खडखडाट चालू आणि माझा गेम पण चालू. वडिलांना सांगितलं कार्ड ठीक आहे, म्हणाले कुठलं कार्ड.

जुन्या यूपीएसवर आता फक्त राउटर. दहा वॅटला म्हातारी तासभर आरामात पेलते. त्यामुळे लाईट गेली तरी आईची मोबाईलवरची सिरियल बंद पडत नाही, आणि घरात यूपीएस कुणामुळे ठीक झाला याचं श्रेय आई एकटीच घेतेय. काका, बाबा, सगळ्यांचे आभार. इचलकरंजीला आलात तर मिसळ माझ्याकडून.

अर्धाकप
अभिनंदन. तरी पण ७५० घेऊन ठेव.